मधली रेघ

मंगळवार, ३

आज केस विंचरताना फणी उजव्या बाजूला टेकली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. फणी रोजचीच, केसही रोजचेच, उरलेत तेवढे. नुसतं बोट लावलं तरी चरचरतं. आरशात पाहिलं तर कपाळ स्वच्छ, ना गाठ ना ओरखडा. रफूच्या धंद्यात जे दिसत नाही तेच चांगलं काम समजतात. अंगात मात्र न दिसणारं दुखणं मला मुळीच आवडत नाही.

वन्सं म्हणाल्या, "दिवसभर सुईत डोळे घालून बसतेस, मग डोकं नाही दुखणार तर काय गुडघा दुखणार?" वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. हे गेल्यापासून दुकान आम्ही दोघीच चालवतो. मापं, कापणं, उसवणं, मशीन सगळं त्यांच्याकडे, आणि रफू माझ्याकडे. घर दुकानाच्या वरच आहे, त्यामुळे भांडण अर्धवट राहिलं तर जिना चढून पुरं करता येतं.

आईला झटका आला त्याआधी तिचंही डोकं असंच एका बाजूला दुखत होतं. हे मी वन्संना सांगितलं नाही, कारण त्या हसल्या असत्या. लेकीला सांगितलं नाही, कारण ती रडली असती. म्हणून इथं लिहितेय. मला भीती वाटते.

ऑर्केस्ट्रातले व्हायोलिनवाले काळा कोट टाकून गेले. डाव्या खांद्यावर वाद्य टेकतं तिथं घासून भोक पडलंय. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे म्हणे. काळ्यावर काळं म्हणजे आमच्या कामातली सगळ्यात मोठी परीक्षा. आतल्या दुमडीतून धागे काढून ठेवलेत.

गुरुवार, ५

फोड आलेत. उजव्या भुवईवर चार-पाच, बाकीचे वर केसांत शिरलेले. खाली लाल कातडी, वर पाण्याचे मणी. मी आरशासमोरून वन्संना हाक मारली. त्या हातातली कात्री घेऊनच आल्या, पाहिलं आणि कात्री हळूच खाली ठेवली. वन्सं गप्प झाल्या म्हणजे काहीतरी भयंकर असणार, हे मला तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे.

"नागीण आहे," त्या कुजबुजल्या.

"कमरेला होते ना ती?"

"तिला कुठं पत्ता लिहून दिलाय? आणि नाव घेऊ नकोस. ऐकते ती."

मग त्यांनी त्यांच्या मावशीची गोष्ट सांगितली. मावशीच्या कमरेला अशीच पाठीकडून पोटाकडे आली, एका बाजूनं तोंड, दुसऱ्या बाजूनं शेपूट, आणि ज्या दिवशी तोंड-शेपटीची गाठ पडली त्या दिवशी मावशी गेली. मावशी जिन्यावरून पडून गेली असं मी इतकी वर्षं ऐकत आले होते. तसं म्हटलं तर वन्सं म्हणाल्या, "पडली. पण का पडली?"

"कमरेचा घेर मोठा असतो, विळखा पुरा व्हायला वेळ लागतो," वन्सं म्हणाल्या. "डोक्याचा घेर केवढासा!" आणि सवयीनं गळ्यातली टेप हातात घेतली. मी ओरडले, "माझ्या डोक्याचं माप घेतलंत तर याद राखा." त्यांनी टेप परत गळ्यात टाकली, पण मनातल्या मनात माप घेतलंच असणार. त्यांना नजरेनं माप कळतं.

मग त्यांनी कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू आणला आणि माझ्या कपाळाच्या बरोबर मधोमध, केसांच्या भांगापासून दोन भुवयांच्या मध्यापर्यंत, एक सरळ रेघ ओढली. "ही ओलांडू द्यायची नाही," म्हणाल्या. इतर वेळी मी त्यांना हसले असते. आज हलले नाही. आता आम्ही तिला पाहुणी म्हणतो. पाहुणी उजव्या खोलीत आहे, डावीकडे येऊ द्यायची नाही.

शुक्रवार, ६

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, त्यामुळे तिला आईशीही पाचवीतल्या पोरीशी बोलावं तसं बोलायची सवय लागलीय. "फोड आलेत? कालपासून? आणि तू कोट रफू करत बसलीस? आत्ता उठ, चपला घाल, डॉक्टरकडे जा. आत्याला फोन दे." आत्यानं फोन घेतला नाही, चपला घातल्या.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. नखं बारीक कापलेली, बोलणं भरभर. पाहताक्षणी म्हणाली, नागीणच आहे. तिनं नाव घेतलं तशा वन्सं खुर्चीत आकसल्या. मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, विचारलं. आल्या होत्या, आईनं अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं आठवतं. तर म्हणे तेव्हाचा तो विषाणू गेलाच नव्हता, नसेच्या मुळाशी झोपून राहिला होता. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की उठतो आणि त्याच नसेवरून बाहेर येतो. म्हणून फोडांच्या आधी दुखलं. इतकी वर्षं माझ्या डोक्यात कुणीतरी फुकट राहत होतं.

"घरात कुणी गरोदर आहे? लहान बाळ? त्यांना कांजिण्या होऊ शकतात यातून. फोड सुकेपर्यंत लांब ठेवा."

"आम्ही दोघीच आहोत," वन्सं म्हणाल्या. "एकीचंही ते वय राहिलेलं नाही."

गोळ्या दिल्या, दिवसातून पाच वेळा, आठवडाभर. लवकर आलात ते बरं केलंत, म्हणाली, उशीर झाला की या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. मी धीर करून विचारलं, "आणि दोन टोकं मिळाली तर?"

ती हसली, पण वाईट नाही हसली. "नाही मिळत. नस एका बाजूची असते. मधली रेघ ती ओलांडत नाही."

वन्संनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला असणार. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बघ! त्यांच्या पुस्तकातसुद्धा रेघ आहे." कपाळावरची रेघ मी जायच्या आधी पुसली होती, लाज वाटली म्हणून. तरी डॉक्टरला माहीत होतं. मला इतकं हलकं वाटलं की रस्त्यातच बसावंसं वाटलं.

आणखीही पुष्कळ सांगितलं तिनं. पण मधेच ती "डोळा" म्हणाली आणि माझे कानच बंद झाले. पुढे नाकाच्या शेंड्याबद्दल काहीतरी म्हणाली. काय ते वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी रेघेचाच विचार करत होते गं." एक चिठ्ठीही दिलीय, तिच्यावर कुणा दुसऱ्या डॉक्टरचं नाव आहे. लागली तर. पाकिटात ठेवलीय.

घरी आल्या आल्या वन्संनी रेघ पुन्हा ओढली, या वेळी जाड.

शनिवार, ७

हे दुखणं कसं आहे ते शब्दांत सांगता येत नाही. तापलेली इस्त्री कपाळाशी धरावी, पण टेकवू नये, आणि मधूनच टेकवावी. खिडकीतून झुळूक आली तरी ओरडावंसं वाटतं. पापणी सुजून डोळा मिटलाय. आरशात अर्धी बाई माझी आहे, अर्धी कुणाची कोण जाणे.

दर थोड्या वेळानं आरशात जाऊन पाहते. फोड रेघेपर्यंत आलेत आणि तिथंच थांबलेत. रेघेच्या अलीकडे लाल, पलीकडे कोरी कातडी. कापडावर खुणेपर्यंतच कात्री चालवावी तसं. डोळ्यांत तेल घालून पाहिलं, डावीकडे एक टिपकाही नाही.

"मी म्हटलं नव्हतं?" वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला त्यांचीही भीती ऐकू आली. आज त्यांनी मशीनला हात लावला नाही, जिन्याच्या पायरीवर बसून माझी राखण करत होत्या. मला इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं.

सोमवार, ९

चांगली बातमी आहे. नाकाच्या शेंड्यावर, उजव्या बाजूला, एक फोड आलाय. मी पाहिला आणि वन्संना हाक मारली. त्यांनी नीट पाहिला आणि टाळीच वाजवली. "अगं उतरतेय ती! वर रेघ, वाट बंद. मग खाली येणार नाही तर जाणार कुठं? नाकावरून उतरली की गेली." मला ते पटलं. आलेला पाहुणा दारातूनच बाहेर पडणार, खिडकीतून थोडाच जाईल! आणि डॉक्टर नाकाच्या शेंड्याचं काहीतरी म्हणाली होती, ते हेच असणार.

वन्संनी खाली जाऊन लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं, बेकरीवाल्याच्या बायकोला सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की आमच्या वन्संनी खडूच्या रेघेनं नागीण अडवली. दोन बायका रेघ बघायला वर येऊन गेल्या. वन्सं नाकानं कांदे सोलत बसल्या होत्या: "काही नाही हो, हात सरळ पाहिजे, बस."

उजवा डोळा आता उघडतो, पण लाल झालाय. खडूची भुकटी पडली असणार, वन्सं रेघ गिरवताना पडतेच. पाण्यानं धुतला. उजेड बोचतो. खिडकीचा पडदा ओढून घेतलाय.

मंगळवार, १०

कोट उद्या द्यायचाय. सकाळी बसले तर काळ्या कापडातले धागे दिसेनात. दिवा मंद झालाय म्हटलं. वन्संनी दिवा बदलला. मग चष्मा पुसला, तरी वाफ धरल्यासारखंच. चष्म्याला वाफ धरली म्हटलं तर डाव्या काचेवर का नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला. मी तो तिथंच सोडून दिला.

दोनदा घातलं, दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा बोटांच्या सवयीनं घातलं. एक धागा वर, एक खाली, हे हाताला पाठ आहे. डोळा आतून दुखतोय, बुबुळामागे कुणी अंगठा दाबून धरल्यासारखा. पण फोड तर सुकायला लागलेत! पाहुणी चाललीय ना? मग मला आजच एवढी भीती का वाटतेय?

वन्संना कोट दाखवला. त्यांनी उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला. "छान झालंय," म्हणाल्या आणि लगेच चहा ठेवायला वळल्या. तीस वर्षांत त्यांनी माझ्या कामाला कधी छान म्हटलेलं नाही. "चालेल" म्हणतात.

बुधवार, ११

व्हायोलिनवाले आले. कोट हातात घेतला, बोट खांद्यावरून फिरवलं. तिथं बोट थांबलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, "असू द्या. स्टेजवर लांबून कुणाला दिसतंय?"

माझ्या रफूबद्दल असं कुणी कधीच बोललं नव्हतं. आमच्याकडे लोक भोक कुठं होतं ते शोधायला येतात आणि हरतात. ते गेल्यावर मी दुकानातच बसून राहिले. नाकाचा फोड पुसायला कापूस उचलला आणि पुसताना डावा डोळा हातानं झाकला गेला.

दुकान गेलं. मशीन, कपाट, दार, टांगलेले कपडे, सगळं दुधात बुडालं. दाराच्या जागी एक पांढरा चौकोन उरला, त्यात काहीतरी हललं, ते बहुतेक रस्त्यावरचं माणूस असणार. मी हात काढला, सगळं परत आलं. पुन्हा झाकला, पुन्हा गेलं. कितीदा केलं मला माहीत नाही. मी वन्संना हाक मारली नाही. हाक मारली असती तर ते खरं झालं असतं.

लेकीनं व्हिडिओवर फोन केला. मी अंधारात बसले होते, ती म्हणाली दिवा लाव. लावला.

"आई, नाकावर काय आहे ते?"

"ते चांगलं आहे. ती उतरतेय."

"कोण उतरतेय?" मग ती पडद्याच्या अगदी जवळ आली. "कधी आला हा फोड? डॉक्टरनं तुला नाकाचं काही सांगितलं नव्हतं?" मी म्हटलं, काहीतरी सांगितलं होतं. ती रडली नाही. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं एवढंच म्हटलं, "तू सांगितलेली ती चिठ्ठी पाकिटात आहे ना? आत्याला घेऊन त्या डॉक्टरकडे जा. फोन चालू ठेव. मी पाहतेय, तू जिना उतर."

बुधवार, ११, परत आल्यावर

चिठ्ठीतले डॉक्टर डोळ्यांचे निघाले. मोठे, शांत गृहस्थ, हळू बोलणारे. डोळ्यात पिवळं औषध घातलं, हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली आणि निळा उजेड पाडला. कपाळपट्टीला कपाळ लावायचं होतं. ते दुखलं आणि मी किंचाळले, तर त्यांनी स्वतः माझं डोकं मागून हलकेच धरलं. बराच वेळ बघत राहिले.

मग म्हणाले, कपाळाच्या नसेची एक फांदी नाकाच्या शेंड्याकडे जाते आणि तीच डोळ्याच्या आत जाते. म्हणून नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला की आम्ही समजतो, डोळ्याच्या दारात आली. तो फोड म्हणजे धोक्याची घंटा असते. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला सूज आहे, वर जखमा आहेत, डोळ्यातलं प्रेशर वाढलंय.

"रविवारी-सोमवारी आला असतात तर..." असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. आम्ही सोमवारी टाळ्या वाजवत होतो.

वन्सं कोपऱ्यातून म्हणाल्या, "पण रेघ तर धरली होती हो. ओलांडली नाही तिनं."

डॉक्टरांना कळेना. वन्संनी सगळं सांगितलं. खडू, मावशी, विळखा. ते हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाई, रेघ नसती ओढली तरी ती तिथंच थांबली असती. शरीराची मधली रेघ आतच असते. उजवी नस उजवीकडे, डावी डावीकडे. अंगात ताकद अजिबात नसलेल्या एखाद्याचीच गोष्ट वेगळी. तुम्ही जिथं पहारा दिलात तिथून कुणी येणारच नव्हतं."

घरी आल्यावर वन्सं जिन्यात मला म्हणाल्या, "कोटाचं पण मी खोटं बोलले. वाकडं झालं होतं. तू घाबरशील म्हणून." मी म्हटलं, "मला माहीत होतं." माहीत होतं का? असावं. आम्ही दोघींनी मिळून माझ्या डोळ्याकडे डोळेझाक केली.

थेंब दर तासाला. गोळ्या चालूच.

रविवार, १५

लेक गुरुवारीच आलीय. कपाळावरचे फोड खपलीला आलेत. सगळे विचारतात, बरी झालीस ना! कातडी बरी होतेय. दुखणं गेलेलं नाही, नुसतं आत शिरलंय. उशी उजवीकडे लागत नाही. केसाची एक बट कपाळावर आली तरी विजेची तार लागल्यासारखं होतं. पहिल्या डॉक्टरणीनं नसेच्या दुखण्यासाठी वेगळी गोळी दिली, संध्याकाळी घ्यायची, तिनं झापड येते. हे महिनोन्‌महिने राहू शकतं, म्हणाली. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. ही मुंगी कुठल्या दिशेनं चाललीय तेवढंच कळत नाही.

डोळ्यावर आता पांढरा डाग दिसतो, त्याचं काय होईल विचारलं तर डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "सूज उतरेल. डाग किती राहतो ते पाहू." मी म्हटलं, मी रफू करते. ते म्हणाले, "हो, तुमच्या बोटांवरून कळलं." आणि पुढची तारीख लिहून दिली.

लेकीनं वन्संना लस घ्यायला नेलं. साठीपुढच्या माणसांनी घ्यावी म्हणे, दोन वेळा. वन्संनी दंड पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आयुष्यभर जगाला सुया टोचल्या बाईनं आणि एका सुईला डोळे मिटून घेतले. "तुमच्या विज्ञानानं मला दुखलं," म्हणाल्या. दोन दिवस दंड धरून हिंडत होत्या, आणि मी हसू शकले, त्याचं मला नवल वाटलं.

शनिवार, २८

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते लिहायचं नव्हतं. रोज सकाळी डावा डोळा झाकते. रोज वाटतं, आज थोडं निवळलंय. मग कपाटाच्या कडीकडे बघते. कडी दिसत नाही.

गल्लीत कुणी विचारलं तर डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगते. वन्संची रेघ अजून गल्लीत फिरतेय. लोक सांगतात, रेघेनं बाई वाचली. आम्ही दोघींनी ते खोडलं नाही. लाज वाटते, दुसरं काय?

वन्सं आता काळी, गडद कामं परत पाठवतात. "बाईंना बरं नाही," म्हणतात. किती दिवस बरं नाही म्हणणार? सुईत दोरा ओवताना दोरा सुईच्या पुढं जातो किंवा मागं राहतो. अंतर कळत नाही. एका डोळ्यानं रफू करणाऱ्या बायका असतील जगात. मी पाहिलेली नाही.

गुरुवार, ३

आज बेकरीवाले वर आले. भट्टीपाशी उभं राहून राहून लालभडक झालेला धिप्पाड माणूस, दारात लाजत उभा. वन्संना म्हणाले, "ताई, ते रेघेचं... माझ्यासाठी कराल?" आणि सदरा वर केला. डाव्या कुशीपासून पोटाकडे पाण्याच्या मण्यांचा पट्टा. बायकोनं पाहिलं आणि त्यांना सरळ इकडे पाठवलं. चेहरा पांढराफटक. मी तो चेहरा ओळखला. तो माझा होता, एक महिन्यापूर्वीचा.

"कधी दिसले फोड?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी. दुखत होतं आधीपासून. मला वाटलं भट्टीची धग."

"काल! अहो काल म्हणजे अजून वेळ आहे. आत्ता डॉक्टरकडे जा."

"जाईन हो. पण आधी रेघ. पुढं भेटली म्हणजे संपलं ना?"

वन्सं मशीनवर बसल्या होत्या. हात कापडावर तसेच थांबलेले. मला वाटलं आता त्या खडू उचलणार, कारण एवढा मोठा माणूस आपल्यासमोर थरथरत असेल तर कुणीही उचलेल. त्या उठल्या, माझा चष्मा काढला, माझी हनुवटी धरून माझं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"हिचा डोळा बघा," वन्सं म्हणाल्या. "पांढरा डाग दिसतोय? मी रेघ ओढली आणि आम्ही दोघी रेघेकडे बघत बसलो, तोपर्यंत डोळा गेला. रेघेनं काही होत नाही."

'गेला.' हा शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. डॉक्टरांनीही म्हटलं नव्हतं.

बेकरीवाले माझ्या डोळ्यात बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण ताई, विळखा तर पडला नाही ना?"

माणूस घाबरला की त्याला हवं तेवढंच ऐकू येतं. मी कोणत्या तोंडानं त्यांना हसू? मी त्यांना नसेचं समजावून सांगायला लागले, उजवी, डावी, आत असलेली रेघ, आणि ते मान हलवत होते, पण नजर खडूच्या डब्यावर होती. शेवटी वन्सं म्हणाल्या, "बरं. ओढते. पण ही रेघ नुसत्या कातडीवर धरत नाही. आधी डॉक्टरची गोळी पोटात जावी लागते. गोळी घेऊन या, मग ओढते."

ते धावत जिना उतरले. मी वन्संवर भडकले, आत्ता खरं बोललात आणि लगेच पुन्हा खोटं? "खोटं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "गोळी पोटात गेल्यावर मी रेघ ओढली काय, फूल काढलं काय." दुपारी ते गोळ्यांचं पाकीट दाखवायला आले. एक गोळी कमी होती. वन्संनी त्यांच्या पोटावर इतकी पुसट रेघ ओढली की ती त्यांना सुद्धा दिसली नसेल, आणि दटावलं, "एक गोळी चुकली तर ही पुसली जाते. आणि रोज डॉक्टरला दाखवायचं. कुठंही नवीन फोड आला, ताप आला, लगेच." ते इतके खूश होऊन गेले की मला त्यांचा हेवा वाटला.

मग दुकानात आम्ही दोघीच उरलो. मी चष्मा शोधत होते. वन्सं समोर स्टूल ओढून बसल्या. एवढ्या दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, ते आज विचारलं.

"डावा झाक. मी दिसते का गं?"

मी झाकला. पांढऱ्यात एक करडा आकार होता. 'दिसता' म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी कोटाला छान म्हटलं होतं, तसंच.

"आकार दिसतो," मी म्हटलं. "चेहरा नाही."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. "आता?"

"नाही."

पुन्हा सरकल्या. "आता?"

"नाही हो."

मला रडू येत होतं. त्या सरकतच राहिल्या. त्यांचा श्वास माझ्या कपाळावर लागला. तिथं श्वाससुद्धा लागला तर अजून आग होते. मी मागं झाले नाही. नाकाला नाक लागायची वेळ आली.

"आता?"

"भुवई दिसली," मी म्हटलं.

"कुठली?"

"डावी."

"चालेल," वन्सं म्हणाल्या.